चिठ्ठी लावलेली वायर

आईला नेमावरला जायचं होतं आणि तेही बाबांच्याच गाडीतून. पुढचं सगळं या एका इच्छेपायी घडलं.

बाबा देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये नोकरीला होते. १९८१ साली त्यांनी इंदूरच्या एका कापडव्यापाऱ्याकडून जुनी अँबॅसेडर घेतली. १९६८ची मार्क टू, राखाडी रंगाची. पुढची सीट बाकासारखी सलग, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. आम्ही दोघी बहिणी त्या बाकावर आई-बाबांच्या मध्ये बसून मोठ्या झालो. बाबांनी ड्रायव्हर कधी ठेवला नाही आणि गाडी कधी कुणाला उसनी दिली नाही. जमेल त्या अमावास्येला नेमावर ठरलेलं. चापडा, मग धनतालाब घाट, कन्नोद, खातेगाव आणि रस्ता उतरता उतरता समोर नर्मदा.

नेमावरला नर्मदेची बेंबी म्हणतात. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नदीचा मध्य इथे, अशी परिक्रमावासीयांची श्रद्धा. पात्रातच नाभिकुंड आहे. अलीकडच्या काठावर परमारांच्या काळातलं सिद्धनाथाचं दगडी देऊळ, पलीकडे हंडियाला रिद्धनाथ. बाबा स्नान करून सिद्धनाथाच्या पायऱ्यांवर ओल्या पंचाने डोकं पुसत बसायचे आणि तासभर काही बोलायचे नाहीत. २०१२च्या जानेवारीत ते गेले. अस्थी तिथेच सोडल्या. त्या दिवशी गाडी मी चालवली. घरी आल्यावर तिच्यावर ताडपत्री टाकली, ती पुढे चार वर्षं काढलीच नाही.

मधल्या काळात, मे २०१४मध्ये, उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसेडर बनणं थांबलं. आईने ती बातमी पेपरातून मोठ्याने वाचली आणि चष्मा काढून म्हणाली, "म्हणजे आता आहे ती सांभाळायची."

२०१६त मी काम काढलं. पत्र्याचं काम, रंग, इंजिन खोलून नवे रिंग-पिस्टन, सीटांवर नवी गादी. पैसे हातात येतील तसं काम पुढे जायचं, त्यामुळे दोन वर्षं गेली. पण त्या दोन वर्षांत आईचा दमा बळावला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की उन्हाळ्याची लू आणि रस्त्यावरची धूळ यांपासून तिला जपा. अँबॅसेडरच्या काचा खाली न करता माळव्यातल्या एप्रिलात सव्वाशे किलोमीटर जाता येत नाही, आणि काचा खाली केल्या की ट्रकांमागची सगळी धूळ आईच्या छातीत. माझ्याकडे दुसरी, एसी असलेली छोटी गाडी होती. आई तिच्यात बाजाराला यायची, दवाखान्यात यायची. नेमावरला मात्र यायची नाही. "ह्यांना पोचवलं त्या गाडीतून जाईन," एवढंच म्हणायची.

म्हणून जुन्या गाडीला एसी. जुन्या गाड्यांचे शौकीन असलेल्या ओळखीच्या दोघातिघांना हे अजिबात रुचलं नाही. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते मला समजतं. संग्रहालयात ठेवायच्या गाडीसाठी मीही तेच म्हणेन. पण आमची गाडी आईला नदीवर न्यायला पुन्हा उभी केली होती, आणि जी गाडी आईला श्वास घेऊ देत नाही ती कितीही मूळ रूपात असली तरी मला तिचा उपयोग नव्हता.

काम शहरातल्या एका गॅरेजात दिलं. गाडीतला एसी आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डखाली टांगलेल्या पेटीत गॅस उकळून उष्णता शोषतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तो दाबतो. रेडिएटरच्या पुढ्यातल्या कंडेन्सरच्या जाळीत तो उष्णता वाऱ्यावर सोडतो आणि पुन्हा पातळ होतो. हे सगळे भाग त्या गॅरेजवाल्यांनी नीट बसवले होते, हे मान्य करायला हवं. हवा छान गार येत होती. पण या सगळ्याला वीज कुठून आणली, हे मी विचारलं नाही. मी आठवीला विज्ञान शिकवते. फळ्यावर विद्युतमंडल काढून गणितं घालते. तरी मी विचारलं नाही.

५ एप्रिल २०१९, भूतडी अमावास्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. भूतडीला नेमावरला काय गर्दी लोटते ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. निमाड-माळव्यातल्या गावागावांतून माणसं ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून येतात. अंगात येणारे, बाधा झालेले, त्यांना धरून आणणारे, ढोल, लिंबं, तलवारी. आईला त्या गर्दीचं काही वाटत नसे. तिला अमावास्येचं स्नान हवं होतं आणि संध्याकाळी घरी परतून सकाळी गुढी उभारायची होती.

गावात शिरताना गाड्यांची रांग लागली. पाऊल पाऊल सरकत अर्धा तास झाला. इंजिन मंद, एसी सुरू, ब्लोअर पूर्ण वेगावर, आणि मेळ्याच्या धुळीत दिसावं म्हणून मी दिवेही लावलेले. आधी जळक्या रबराचा वास आला. मग डॅशबोर्डखालून, आईच्या गुडघ्यांपाशी, धूर. मी किल्ली बंद केली. धूर थांबला नाही. आईला दार उघडता येईना, तिचा श्वास लागला, मी पलीकडून धावत गेले.

तेवढ्यात रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवरून एक किरकोळ अंगाचे गृहस्थ हातातला चहा टाकून आले. काही विचारलं नाही. बोनेट उघडलं, खिशातला पाना काढून बॅटरीचं अर्थचं टर्मिनल सैल केलं आणि ती वायर उपटून बाजूला धरली. मग गाडीत वाकून डॅशबोर्डखाली हात घातला आणि धुमसणाऱ्या वायरींचा गठ्ठा जुन्या रबरी मॅटपासून ओढून वेगळा केला. नुसत्या हाताने. मी आईला बाहेर काढून पंपाने औषध देत होते. वर पाहिलं तर ते गृहस्थ बोटं झटकत उभे होते आणि आईला विचारत होते, "माताजी, आता ठीक आहे ना?"

ते ऑटो इलेक्ट्रिशियन होते. पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान, मागे घर. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत, मीही तेच म्हणत आले. मेळ्यातल्या सात-आठ पोरांना हाक मारून त्यांनी गाडी दुकानापर्यंत ढकलत नेली. आईला आत नेऊन खाटेवर बसवलं. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना भाभी म्हणू लागलो, आईच्या पाठीला उशी लावली आणि कोमट पाणी दिलं. अंधार पडला होता, रस्ता मेळ्याने बंद, गाडीत करंट नाही. मी धर्मशाळा विचारली. भाभी म्हणाल्या, आज नेमावरात उभं राहायला जागा मिळणार नाही, आणि ह्यांना या धुळीत नेणार कुठे? त्या रात्री भाभींनी त्यांची खोली आम्हाला दिली आणि घरचे सगळे ओसरीवर झोपले. घाटाकडून रात्रभर ढोल ऐकू येत होता. पहाटे तीनला उठून मिस्त्रीजींनी आणि मी आईला दोन्ही बाजूंनी धरून नदीवर नेलं. अमावास्येचं स्नान तिने चुकवलं नाही.

सकाळी मला जाग आली तर आई रडत होती. लग्नानंतर छप्पन्न वर्षांत पाडव्याला तिच्या दारी गुढी उभी राहिली नाही असं झालं नव्हतं, बाबा गेले त्या वर्षीही नाही. भाभी घाबरल्या, त्यांना वाटलं दुखतंय. मी गुढी म्हणजे काय ते सांगितलं. त्यांच्याकडे त्या दिवशी नवरात्राची घटस्थापना होती. मातीच्या परातीत जवारे पेरायचं काम त्यांनी अर्ध्यात ठेवलं, हात धुतले आणि ट्रंकेतून हिरवी माहेश्वरी साडी काढली. घडीची, एकदाही न नेसलेली. मिस्त्रीजींनी शेजारच्या घरून बांबू आणला. पूजेचा पितळी लोटा आईने चिंचेने घासला. निंबाचं झाड दारातच होतं. साखरेच्या गाठी तिथे कुठून मिळणार, म्हणून त्यांच्या मुलाने मेळ्यातून बत्तासे आणले आणि आईने ते सुईदोऱ्यात ओवले. बरेच फुटले. वर गच्चीवर गुढी बांधताना मिस्त्रीजींच्या उजव्या हाताची दोन बोटं हळद लावून चिंधीने गुंडाळलेली मला पहिल्यांदा दिसली. नर्मदेवरून वारा येत होता, साडी फडफडत होती, रस्त्याने जाणारे थांबून विचारत होते की हा कसला झेंडा. भाभी गच्चीवरून त्यांना सांगत होत्या, "आमच्या माताजींचं नवं वर्ष आहे."

मग मिस्त्रीजी गाडीपाशी बसले.

आधी त्यांनी जळालेली वायर पूर्ण बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली. मूळची पांढरी. इंग्रजी वळणाच्या या गाड्यांत रंगांची एक ठरलेली भाषा असते: तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे गेलेली, निळी मोठ्या दिव्यांची, लाल छोट्या दिव्यांची, काळी अर्थची. पांढरीला फ्यूज नसतो. ती इंजिनच्या कॉइलला आणि फ्यूजबॉक्सला करंट नेते, आणि तिने तेवढंच न्यायचं असतं. आमच्या गाडीत ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि कॉम्प्रेसरचा क्लच या तिघांनाही त्या एकट्या पांढरीवर जोड मारून टेप गुंडाळली होती. जास्त करंट गेला की उडायला मध्ये फ्यूजच नाही, म्हणून वायरच फ्यूज झाली.

दुकानाच्या शटरवर त्यांनी खडूने हिशोब मांडला. मोठे दिवे आठ अँपियर, ब्लोअर दहा, पंखा दहा, क्लच चार, इग्निशन चार, छोटे दिवे वगैरे तीन. बेरीज माझ्याकडून करून घेतली. एकोणचाळीस. त्याखाली रेघ ओढून लिहिलं: डायनामो बावीस. "आणि हे बावीस गाडी पळत असताना. रांगेत उभी असली की जवळजवळ काही नाही. मग सगळं बॅटरीतून." शटरवरचे ते आकडे मी आजही वर्गात तसेच्या तसे लिहिते. मुलांना ओहमचा नियम त्यानंतर शिकवते.

त्या दिवशी त्यांनी एसी पूर्ण तोडला, जळालेल्या वायरींच्या जागी नव्या घातल्या आणि दुपारी चारला गाडी सुरू करून दिली. पैसे विचारले तर वायरीचे दोनशे चाळीस रुपये सांगितले. मी पाचशेची नोट काढायला गेले नाही, कारण भाभी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या घरात आम्ही रात्र काढली होती. पण मनात एक गाठ बसली. ती अजून सुटलेली नाही, आणि सुटावी असं वाटतही नाही.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तशी मी गाडी पुन्हा नेमावरला नेली. मिस्त्रीजींनीच बोलावलं होतं. "थिगळं लावून हे चालणार नाही. पूर्ण हार्नेस नवा बांधू." मला वाटलं होतं, गाडी ठेवून यायचं आणि झालं की आणायची. ते म्हणाले, नाही, तुम्ही बसायचं. गाडी तुमची, रस्त्यात तुम्हीच असणार. पाच आठवडे मी शनिवारी बसने जायची, त्यांच्याकडे राहायची आणि रविवारी रात्री परतायची.

जुना हार्नेस त्यांनी न कापता अखंड बाहेर काढला, कापडी पट्टीत गुंडाळलेला, पन्नास वर्षांच्या तेलाने चिकट झालेला. एका मोठ्या फळीवर तो पसरला आणि जिथे जिथे फाटा फुटत होता तिथे तिथे खिळे ठोकले. मग नव्या वायरी त्या खिळ्यांभोवतून नेऊन मोजून कापल्या. प्रत्येक टोकाला थिंबल, दाबून, मग डाग देऊन. मी त्यांच्या शेजारी खाली बसून वायरी देत असे.

दुसऱ्या रविवारी त्यांनी एक वायर माझ्यापुढे धरून सहज विचारलं, "दीदी, ही पांढरी ना?" ती पिवळी होती. तासाभराने निळी आणि काळी. मी रंग सांगत गेले, काही बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खिळ्यांवरचा हात थांबवला आणि आपणहून सांगितलं. डोळ्यांत मोतीबिंदू. दोन वर्षांपासून पांढरं-पिवळं एकच दिसतं, निळं काळं दिसतं. रंगांवर विसंबता येत नाही म्हणून प्रत्येक वायर ते टेस्ट लॅम्प लावून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहतात. गिऱ्हाइकांना कळलं तर काम येणार नाही, म्हणून घराबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला त्या क्षणी ५ एप्रिलची संध्याकाळ आठवली. धुरात, अंधारल्या डॅशबोर्डखाली, ज्या माणसाला रंग दिसत नव्हते त्याने नेमकी जळती वायर हाताच्या चटक्याने ओळखली होती.

त्यानंतर आमची कामाची पद्धत ठरून गेली. रंग मी सांगायचे, जागा ते सांगायचे. खातेगावात आणि हरद्याला हवे ते सगळे रंग मिळेनात. तपकिरीऐवजी लाल, जांभळीऐवजी करडी अशी तडजोड करावी लागली. तेव्हा मिस्त्रीजींनी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची ठरवली. त्यांच्या मुलाच्या जुन्या वहीचा पुठ्ठा कापून, त्यावर हिंदीत नाव लिहून, वर पारदर्शक स्लीव्ह चढवून. लिहायचं काम माझं. भोंपू. दाहिनी बत्ती. पंखा. ब्रेक लाइट. "माझ्यानंतर जो हात घालेल त्याला शोधत बसायला नको," ते म्हणत. जे गॅरेज आमच्या गाडीत काळ्या टेपखाली सगळं झाकून गेलं होतं, त्यांच्याबद्दल त्यांनी पाच आठवड्यांत एक शब्द वाईट काढला नाही. पण प्रत्येक चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हाताने ओढून, पक्की बसली का ते पाहिलं.

एसीसाठी त्यांनी बॅटरीपासून वेगळी सहा एम.एम.ची वायर आणली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर तिला मोठा फ्यूज. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला. त्याचा ब्रॅकेट खातेगावच्या लेथवर दोनदा करून घेतला, कारण पहिल्या वेळी पुली दोराभर तिरकी बसत होती आणि तिरका पट्टा महिन्यात तुटतो. ब्लोअरला, पंख्याला, क्लचला वेगवेगळे रिले. रिले म्हणजे काय ते त्यांनी एक जुना रिले फोडून दाखवलं. आत बारीक तारेचं एक वेटोळं आणि त्याच्यावर एक पत्री. ८५ आणि ८६ या पायांतून चिमूटभर करंट गेला की वेटोळं चुंबक होतं, पत्री टक् करून खाली बसते आणि ३०मधून ८७ला मोठा करंट जातो. "स्विचने फक्त हुकूम द्यायचा. ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं नाही." ती पत्री मी बोटाने दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. असा टक् आवाज आमच्या गाडीत आता एसी लावला की बोनेटखालून येतो.

क्लचच्या वायरीत गॅसच्या दाबाचा स्विच घातला. गॅस गळून दाब उतरला किंवा कंडेन्सर तापून दाब चढला तर कॉम्प्रेसर आपोआप सुटतो. नंतर एकदा वाचनात आलं की मोटारगाडीत पहिल्यांदा एसी दिला तो अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने, १९३९च्या सुमारास, आणि त्याला क्लचच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बोनेट उघडून, पट्टा काढून ठेवावा लागे. मिस्त्रीजींना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्याने क्लच लावला त्याने मोठं काम केलं."

गॅस भरणं मात्र त्यांनी हाती घेतलं नाही. ते आपलं काम नाही, हरद्याला एक मुलगा नीट करतो, असं म्हणून आम्हाला पुलापलीकडे घेऊन गेले. त्या मुलाने पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून ठेवला, नळ्यांतला दमटपणा निघून जावा म्हणून. घाई करू का विचारलं तर मिस्त्रीजी त्याच्यावर ओरडले. पाच आठवड्यांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन गेले. अजून पाऊस नव्हता, उकाडा तसाच. मिस्त्रीजी मागे बसले, आई पुढे तिच्या जागी, आणि आम्ही काचा लावून नर्मदेच्या पुलावरून हंडियाकडे निघालो. दिवे लावले, ब्लोअर पूर्ण, एसी पूर्ण, आणि पुलाच्या मध्यावर एक ट्रक अडकल्यामुळे पंधरा मिनिटं एका जागी उभे. मिस्त्रीजींनी मुद्दाम घड्याळ लावलं. व्होल्टमीटरचा काटा हलला नाही. आई डोळे मिटून बसली होती. तिचं माहेर इंदूरचं. लहानपणी ऐकलेलं ती सांगू लागली: यशवंतराव होळकरांनी जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली, तिथे खोल्याखोल्यांत यंत्राने गार केलेली हवा होती, आणि लोकांना ते खरं वाटत नसे. त्या काळी हे नेमावरही होळकरांच्याच राज्यात. "माणिकबागेची हवा नेमावरला यायला ऐंशी-नव्वद वर्षं लागली," असं म्हणून आईने मागे वळून मिस्त्रीजींना हात जोडले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरून खाली केले.

हिशोब झाला तो असा: वायरी, रिले, फ्यूज, थिंबल, जुना पण चांगला अल्टरनेटर, लेथचं काम आणि रोजची मजुरी. मजुरी तिथल्या दरानेच. त्यांनी तो कागद लिहून दिला आणि मी पैसे दिले. त्या पैशांत भाभींची साडी नव्हती, भाजलेली बोटं नव्हती, आम्हाला दिलेली खोली नव्हती, आणि मला बोनेट उघडायला शिकवलं तेही नव्हतं. निघताना त्यांनी त्यांचा टेस्ट लॅम्प माझ्या हातात ठेवला. लाकडी मुठीचा, घासून गुळगुळीत झालेला. मी नको म्हटलं. ते म्हणाले, "माझ्याकडे दुसरा आहे." नव्हता. त्यांच्या मुलाने पुढे मला सांगितलं.

दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. फोन आला, "दीदी, निळी निळी दिसते." मी वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात उभी होते. पुढच्या पाडव्याला जायचं आमचं ठरलेलं होतं. पण तो पाडवा २५ मार्च २०२०चा, टाळेबंदीचा पहिला दिवस. भाभींनी तरीही गच्चीवर गुढी उभारली आणि फोटो पाठवला. तीच हिरवी साडी, तोच लोटा. तेव्हापासून त्या दर वर्षी उभारतात. जवारे पेरून झाले की गुढी.

आई २०२२च्या डिसेंबरात गेली. अस्थी घेऊन त्याच गाडीने गेले. मिस्त्रीजी घाटावर आधीच येऊन थांबले होते. नाभिकुंडाकडे जाणाऱ्या नावेत ते माझ्या शेजारी बसले, आणि हात कापायला लागले तेव्हा मडक्याला खालून त्यांनी हात लावला.

२०२४च्या एप्रिलात पाडव्याला निघाले तर कन्नोदच्या अलीकडे ब्लोअर थांबला. एका निंबाच्या सावलीत गाडी घेतली. पूर्वी असती तर कुणाला तरी फोन लावला असता. बोनेट उघडलं, अर्थ काढली, फ्यूजबॉक्स उघडला. पंधराचा फ्यूज गेलेला. नुसता नवा घालून पुढे जायचं नाही, आधी कारण शोधायचं, हे पाठ झालेलं. वायरीवर बोट फिरवत डॅशबोर्डखाली गेले. एका क्लॅम्पखाली ती घासून उघडी पडली होती आणि पत्र्याला टेकत होती. टेप गुंडाळली, क्लॅम्प सरकवला. तिथेच, स्लीव्हखाली, पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. बाकी सगळ्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. ही नव्हती. मी नसताना, केव्हातरी आठवड्याच्या मधल्या दिवशी, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, वाकड्या ओळीत त्यांनी स्वतः लिहिलेली. ब्लोअरच्या वायरीवर ब्लोअर लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं: माताजी.

फ्यूज बसवला, अर्थ जोडली, टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागला. गाडी सुरू केली. बोनेटखालून टक् आवाज आला. डाव्या बाजूची झडप अजून आईच्या सीटकडे वळलेली होती, ती तशीच राहू दिली. बारा वाजत आले होते आणि भाभी जेवायला थांबल्या होत्या.